भट्टीतील साचे : बंगळूरच्या छोट्या केकमागील विज्ञान

पेठ आणि छावणी

बंगळूर हे एक शहर म्हणून ओळखले जात असले, तरी दीर्घकाळ ती दोन शहरे होती. त्यांतील जुने शहर म्हणजे केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास वसविलेली पेठ. १६३८ पासून सुमारे अर्धशतक ही पेठ भोसले घराण्याच्या ताब्यात होती व शहाजीराजांचे तेथे वास्तव्य होते. त्यामुळे मराठी वाचकाला तिचे नाव परके नाही. दुसरे शहर म्हणजे १८०९ मध्ये ब्रिटिशांनी उभारलेली लष्करी छावणी. दोहोंचा कारभार वेगळा, भाषा वेगळ्या आणि स्वयंपाकघरेही वेगळी. १९४९ मध्ये त्यांचा कारभार एकाच महानगरपालिकेकडे आला. पाव आणि केक मात्र त्यापूर्वीच छावणीतून पेठेत येऊन पोहोचले होते.

गोऱ्या शिपायांना व अधिकाऱ्यांना रोज पाव लागे. त्यासाठी छावणीच्या परिसरात लाकडावर तापणाऱ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. फ्रेझर टाऊनमधील अल्बर्ट बेकरी १९०२ पासूनची आहे, तर ब्रिगेड रोडवर नीलगिरीज या दुग्धपदार्थांच्या प्रसिद्ध दुकानाने १९३६ मध्ये आपले पाऊल रोवले. पेठेतील बहुसंख्य लोक अंडे व परक्या हातचा पाव वर्ज्य मानीत. तरीही पेठेतील चिकपेट येथे १८९८ मध्ये एच. एस. तिरुमलाचार यांनी बंगळूर ब्रदर्स बेकरी सुरू केली. हासन जिल्ह्यातून आलेल्या अय्यंगार कुटुंबांनी हाच व्यवसाय पुढे हाती घेतला आणि ‘अय्यंगार बेकरी’ हे दोन शब्द कर्नाटकातील जवळजवळ प्रत्येक गावातील पाटीवर दिसू लागले. खारे बिस्किट, मसाला बन, दिलपसंद, मधाच्या पाकात भिजविलेला हनी केक आणि परंपरेने अंड्याविना केलेले छोटे केक ही या दुकानांची ओळख होय.

या छोट्या केकच्या यशात पीठ, साखर व लोणी यांचा वाटा सर्वांना दिसतो. ज्या साच्यात तो भाजला जातो, त्या साच्याचा वाटा मात्र सहसा कोणी विचारात घेत नाही. वस्तुतः एकाच भांड्यातले मिश्रण दोन निराळ्या साच्यांत ओतून एकाच भट्टीत ठेवले, तर एकातून उत्तम केक निघतो आणि दुसऱ्यातून खाली करपलेला व मध्यभागी कच्चा असा गोळा निघतो. घरी हौसेने केक करणाऱ्याचे अशा वेळी थोडे साहित्य वाया जाते; परंतु ज्याची उपजीविका भट्टीतून उतरणाऱ्या मालावर अवलंबून आहे, त्याचा एक घाणा बिघडला की त्या दिवसाची कमाई बुडते. म्हणून साच्याचे शास्त्र समजून घेणे उपयुक्त ठरते.

तीन भांडी, तीन प्रकारची उष्णता

खळगे असलेले भांडे दक्षिण भारताला मुळीच नवे नाही. बंगळूरच्या कोणत्याही जुन्या घरात अशी दोन भांडी सापडतात. एक इडलीपात्र आणि दुसरे पड्डूचा तवा. पड्डू म्हणजेच महाराष्ट्रातील व कोकणातील आप्पे. तमिळनाडूत त्यालाच कुळी पणियारम् म्हणतात. डेन्मार्कमध्ये असाच बिडाचा तवा वापरून एब्लस्कीव्हर नावाचे गोळे करतात आणि जपानमध्ये ताकोयाकी. मफिनचा साचा हे या कुटुंबातील तिसरे भांडे. तिन्हींचा आकार सारखा. फरक आहे तो उष्णता पिठापर्यंत ज्या मार्गाने पोहोचते त्या मार्गात.

इडलीपात्रात उष्णता वाफेतून येते. वाफ थंड पिठावर व पात्रावर थिजून पाणी होते, आणि तसे होताना एका ग्रॅम वाफेमागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. म्हणूनच वाफेचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आतबाहेर असूनही इडली दहा-बारा मिनिटांत शिजते. परंतु वाफ त्याहून अधिक तापत नसल्याने इडलीला तांबूस रंग कधीही येत नाही. तो रंग येण्यास पदार्थाचा पृष्ठभाग कोरडा होऊन सुमारे १४० अंशांच्या पुढे जावा लागतो.

आप्पेपात्रात उष्णता केवळ खालून, तापलेल्या धातूच्या प्रत्यक्ष स्पर्शाने येते. यालाच उष्णतेचे वहन म्हणतात. खालचा भाग खमंग होतो, वरचा पांढरा राहतो. म्हणून आप्पे उलटावे लागतात. हे पात्र परंपरेने जाड बिडाचे असते, कारण थंड पीठ ओतताच पातळ पत्रा एकदम निवतो, तर जड बीड साठविलेली उष्णता देत राहते.

मफिनचा साचा बंद भट्टीत जातो. तेथे उष्णता तीन वाटांनी येते. तापलेल्या हवेच्या अभिसरणाने, भट्टीच्या भिंतींपासून निघणाऱ्या प्रारणाने आणि साच्याच्या धातूतून वहनाने. वरूनही उष्णता मिळत असल्याने केक उलटावा लागत नाही. परंतु कोरडी हवा वाफेच्या मानाने फारच थोडी उष्णता वाहून आणते. म्हणून भट्टी १८० अंशांवर असूनही मध्यम आकाराच्या केकला वीस मिनिटे लागतात. या तीन वाटांपैकी कोणती प्रबळ ठरावी, हे बऱ्याच अंशी साचा ठरवितो.

छोट्या साच्यांचा थोडा पूर्वेतिहास

लहान पेल्यांत केक भाजण्याची कल्पना यांत्रिक युगापूर्वीची आहे. अमेलिया सिमन्स या अमेरिकन लेखिकेच्या १७९६ मधील ‘अमेरिकन कुकरी’ या पाकपुस्तकात लहान कपांत भाजावयाच्या केकचा उल्लेख येतो. १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड याने बेकिंग पावडर तयार केली आणि यीस्टने पीठ फुगण्याची तासन्‌तास वाट पाहण्याची गरज उरली नाही. १८५९ मध्ये बोस्टन येथील नथॅनिएल वॉटरमन याने अनेक खळगे एकत्र ओतलेल्या बिडाच्या साच्याचे एकस्व मिळविले. आजच्या मफिनच्या ट्रेचा तो पूर्वज म्हणता येईल. इंग्लंडमधील मूळ मफिन मात्र निराळा. तो यीस्टने फुगविलेला चपटा पाव असून तव्यावर भाजला जातो.

भारतात हा आकार निरनिराळ्या वाटांनी रुजला. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील मेरवान (१९१४) व पुण्यातील कयानी बेकरी (१९५५) यांसारख्या इराणी दुकानांचा मावा केक मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. बंगळूरच्या अय्यंगार बेकऱ्यांतील छोटा केक हा त्याचा दाक्षिणात्य भाऊबंद. दोहोंच्या मिश्रणांत फरक असला, तरी भट्टीतील प्रश्न एकच आहेत.

आकार आणि वेळ

बाजारात मफिनचे साचे स्थूलमानाने तीन आकारांत मिळतात. लहान खळग्यात सुमारे २५ ते ३० मिलिलिटर मिश्रण मावते; मध्यम खळगा तोंडाशी सुमारे सात सेंटिमीटर रुंद असून त्यात ९० ते १०० मिलिलिटर मावते; मोठ्यात २०० मिलिलिटरच्या आसपास.

केक शिजणे म्हणजे त्याच्या मध्यबिंदूपर्यंत उष्णता पोहोचणे. मध्यभागाचे तापमान पंचाण्णव अंशांच्या पुढे गेले की पिठातील पिष्ट पाणी शोषून फुगलेले असते, अंडे असल्यास ते गोठलेले असते आणि केकचा सांगाडा पक्का होतो. घन पदार्थातून उष्णता पुढे सरकण्यास लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दुप्पट झाले की वेळ सुमारे चौपट. फुगणाऱ्या मिश्रणात वायूचे बुडबुडे व वाफ थोडी उष्णता आत नेत असल्याने प्रत्यक्षात फरक इतका तीव्र राहत नाही. तरीही १८० ते १९० अंशांवर लहान केकला दहा ते तेरा मिनिटे, मध्यम केकला अठरा ते बावीस आणि मोठ्याला पंचवीस ते तीस मिनिटे लागतात.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो. मोठा साचा घ्यावयाचा असेल तर भट्टीचे तापमान थोडे उतरवावे, अन्यथा आतील भाग शिजेपर्यंत कडा करपतात. लहान साच्यासाठी उष्णता किंचित चढी ठेवावी, नाहीतर केक रंग येण्यापूर्वीच वाळून जातो. एकाच भट्टीत दोन आकारांचे साचे एकदम ठेवणे मात्र टाळावे.

खळगा सर्वसाधारणपणे दोन-तृतीयांश भरावा. त्याहून अधिक भरल्यास मिश्रण कड ओलांडून तबकावर पसरते व शेजारच्या केकला जोडले जाते. फार कमी भरल्यास खळग्याची उंच भिंत वरची उष्णता अडविते आणि केकचा माथा फिका राहतो.

धातू, रंग आणि जाडी

ॲल्युमिनियम हा बेकरीवाल्यांचा आवडता धातू. तो स्टेनलेस स्टीलपेक्षा दहापटींहून अधिक सुलभतेने उष्णता वाहून नेतो. त्यामुळे साच्याच्या बुडाशी आणि कडेला जवळजवळ सारखेच तापमान राहते. शिवाय तो हलका व स्वस्त असतो. चुण्या असलेले सुटे ॲल्युमिनियमचे साचे आपल्याकडे भांड्यांच्या बाजारांत सहज मिळतात. त्यांच्या चुण्यांमुळे मिश्रणाचा धातूला लागणारा पृष्ठभाग वाढतो आणि कडा अधिक खमंग होतात. पण त्याच चुण्यांत केक चिकटतोही, म्हणून तूप लावून मैद्याचा हलका हात फिरविणे तेथे अत्यावश्यक ठरते.

अनेक घरांत स्टेनलेस स्टीलच्या वाट्याच साचा म्हणून वापरल्या जातात. त्यात गैर काही नाही. परंतु हे पोलाद उष्णतेचे मंद वाहक असल्याने वाटीचा जो भाग भट्टीच्या तारेजवळ येतो तेथे ती अधिक तापते आणि केक एका बाजूस काळवंडतो. अशा वाट्या ॲल्युमिनियमच्या जाड तबकात ठेवल्या आणि अर्ध्या वेळाने तबक फिरविले, तर हा दोष बराच कमी होतो.

बिडाचा साचा जड, सावकाश तापणारा व सावकाश निवणारा. तो आधी भट्टीत तापवून, तूप सोडून मगच मिश्रण ओतावे. तेव्हा आप्प्यासारखी कुरकुरीत कड मिळते. भट्टीतून काढल्यानंतरही त्यात केक शिजतच राहतो. म्हणून तो दोन मिनिटे आधी बाहेर काढावा व केक लगेच सोडवावेत.

रबरासारखे मऊ सिलिकोनचे साचे अलीकडे सर्वत्र दिसतात. सिलिकोन उष्णतेचे अतिशय मंद वाहक आहे. त्यातून केक न चिकटता निघतो, परंतु त्याच्या कडा फिक्या व मऊ राहतात आणि वेळही अधिक लागतो. ज्यांना कपकेकवर क्रीमची नक्षी काढावयाची आहे, त्यांना हा फिकेपणा चालतो. ज्यांना खमंग कड हवी आहे, त्यांनी धातूकडेच वळावे. सिलिकोनचा साचा लवचिक असल्याने तो कडक तबकावर ठेवूनच भरावा.

रंगाचा परिणाम धातूइतकाच महत्त्वाचा आहे. चकचकीत पृष्ठभाग भट्टीच्या भिंतींपासून येणारे प्रारण मोठ्या प्रमाणात परत फेकतो. काळा पृष्ठभाग ते शोषून घेतो. म्हणून काळ्या, न चिकटणाऱ्या मुलाम्याच्या साच्यात केकची कड लवकर घट्ट होते, मधले ओले मिश्रण वर उसळते आणि माथ्यावर भेग पडलेला डोंगर तयार होतो. असा साचा वापरताना भट्टीचे तापमान सुमारे पंधरा अंशांनी कमी करावे. मावा केकच्या बाबतीत ही काळजी विशेष घ्यावी लागते, कारण माव्यातील दुग्धशर्करा व प्रथिने फार लवकर तांबूस होतात. खळग्यात कागदाची वाटी घातल्यास कागद व धातू यांमध्ये राहणारा हवेचा पातळ थर उष्णता थोडी अडवितो आणि कड मऊ राहते.

अंड्याविना केक आणि साचा

अय्यंगार परंपरेतील केक समजून घेताना साच्याचे खरे महत्त्व लक्षात येते. अंडे केकमध्ये दोन कामे करते. फेटल्यावर ते हवा धरून ठेवते आणि तापल्यावर गोठून सांगाडा उभा करते. अंडे वगळले की वायू निर्माण करण्याचे काम खाण्याचा सोडा व दही, ताक किंवा व्हिनेगर यांसारख्या आंबट पदार्थांवर पडते, तर सांगाड्याचे काम प्रामुख्याने मैद्यातील पिष्टावर. हा सांगाडा उशिरा पक्का होतो. तोपर्यंत वायू निसटला, तर केक मध्यभागी खचतो.

रुंद व खोल डब्यात मध्यबिंदू भिंतीपासून दूर असतो. तेथपर्यंत उष्णता पोहोचेतो सोड्याचा जोर संपलेला असतो. छोट्या साच्यात हे अंतर दीड-दोन बोटांचेच. कड चटकन पक्की होते, भिंत मिश्रणाला आधार देते आणि वायू निसटण्यापूर्वी मध्यभागही सावरला जातो. अंड्याने जे साधावयाचे, त्याचा काही भार येथे धातूची भिंत उचलते. अंडे न वापरणाऱ्या बेकरीला छोटा साचा इतका मानवतो, याचे शास्त्रीय कारण हे होय.

सोडा व आम्ल एकत्र येताच वायू सुटू लागतो, ही गोष्ट येथे विसरून चालत नाही. साचे आधी तूप लावून तयार ठेवावेत, भट्टी आधी तापवावी आणि मगच ओले व कोरडे जिन्नस एकत्र करावेत. मिश्रण कालवून झाल्यावर साच्यांच्या शोधात पाच-दहा मिनिटे घालविणाऱ्याचा केक भट्टीत जाण्यापूर्वीच अर्धा बसलेला असतो. मिश्रण फार घोटणेही अपायकारक, कारण त्यामुळे मैद्यातील ग्लूटेन ताणले जाऊन केक चिवट होतो व त्यात उभी बोगदेवजा छिद्रे पडतात.

समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर, म्हणजे तीन हजार फूट उंचीवर वसलेले आहे. तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे एक-दशांशाने कमी असतो आणि पाणी सुमारे ९७ अंशांवर उकळते. पुणे या दोहोंच्या मध्ये, सुमारे ५६० मीटरवर आहे. केक भाजण्याच्या कृतीत उंचीनुसार फेरफार करण्याची गरज साधारणपणे याच पातळीपासून जाणवू लागते.

दाब कमी असल्याने तेवढ्याच सोड्यापासून निघालेला वायू अधिक जागा व्यापतो. मुंबईत बरोबर बसलेले प्रमाण बंगळूरला जसेच्या तसे वापरले, तर केक आधी जोमाने फुगतो आणि मग खचतो. पाणीही लवकर वाफ होऊन उडते व केक कोरडा पडतो. उपाय साधे आहेत. बेकिंग पावडर किंवा सोडा चिमूटभर कमी करावा, दूध एखादा चमचा वाढवावे आणि खळगा दोन-तृतीयांशापेक्षा थोडा कमीच भरावा. मुंबई-पुण्याहून बंगळूरला स्थायिक झालेल्या कुटुंबांना आपली जुनी कृती नव्या शहरात फसल्याचा अनुभव येतो, तेव्हा दोष हाताचा नसून हवेचा असू शकतो.

निवड आणि निगा

घरगुती विजेची भट्टी लहान असते. बारा खळग्यांचे तबक तिच्या भिंतींना भिडले, तर गरम हवेची वाट अडते. खालचे केक करपतात आणि वरचे कच्चे राहतात. अशा भट्टीत सहा खळग्यांचे तबक किंवा अंतर सोडून ठेवलेले सुटे साचे अधिक चांगले. तबकाभोवती चहूबाजूंनी निदान दोन बोटे जागा असावी. मायक्रोवेव्ह लहरींवर भाजताना धातूचे साचे वापरू नयेत. तेथे सिलिकोन चालते.

कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या साच्यांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कल्हईच्या भांड्यांचा अनुभव असलेल्यांना ती ठाऊकच असते. कथील सुमारे २३२ अंशांवर वितळते. खळग्यात ओले मिश्रण असेतो धातू त्या तापमानापर्यंत सहसा जात नाही, पण रिकामा खळगा तारेजवळ आल्यास धोका असतो. तेव्हा मिश्रण कमी पडल्यास रिकाम्या खळग्यांत थोडे पाणी घालावे. न चिकटणाऱ्या टेफ्लॉनसारख्या मुलाम्याचे साचेही रिकामे तापवू नयेत; २६० अंशांच्या पुढे तो मुलामा विघटित होऊ लागतो. अशा साच्यांना लोखंडी उलथणे किंवा घासणी लावू नये. बिडाचा साचा धुऊन लगेच कोरडा करावा व तेलाचा हात लावून ठेवावा, नाहीतर गंज चढतो.

भाजलेला केक साच्यात फार वेळ राहिला, तर त्यातून निघणारी वाफ धातूवर थिजते व बूड ओलसर होते. म्हणून पाचेक मिनिटांनी, कड थोडी सुटली की, केक जाळीवर काढावेत. लगेच काढल्यास ते मोडतात.

नवा साचा आणल्यावर प्रथम त्याची परीक्षा घेणे श्रेयस्कर. तबकातील सर्व खळग्यांत सारखेच मिश्रण घालून एक घाणा भाजावा आणि प्रत्येक केकचे बूड पाहावे. कोणत्या कोपऱ्यात अधिक आच लागते, किती मिनिटांनी तबक फिरवावयास हवे, तापमान किती उतरवावे, हे सर्व त्या एका घाण्यातून कळते. हे टिपून ठेवले, तर पुढचे घाणे वाया जात नाहीत. लाकडाच्या भट्टीसमोर उभा राहून जुना भट्टीवाला आपल्या साच्यांना असेच ओळखीत असे. त्याच्याकडे तापमापक नव्हता. परंतु कोणता साचा भट्टीच्या तोंडाशी ठेवावयाचा आणि कोणता आत सरकवावयाचा, हे त्याला नेमके ठाऊक असे.